व्हायोलिनच्या खाली

नाही, लिहून झालंय, संपादकसाहेब, घरापर्यंत यायची गरज नव्हती — आता आलाच आहात तर बसा, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. अख्खं पान मोकळं ठेवलंय म्हणता? माहितीपट भाचीचा आणि समीक्षा मावशीची, म्हणजे लोक चवीनं वाचतील, असंच ना? वाचू द्या. मी कुणाला सूट देत नाही, आणि तिला तर नाहीच — तिला चित्रपट बघायला शिकवलं कुणी? मी. मला कुणी शिकवलं? कुणी नाही. थिएटरच्या दारात तिकिटं फाडायचे, आणि आत अंधार झाला की पडद्यापाशी उभी राहून बघायचे, झालं शिक्षण.

चित्रपट चांगला आहे. आधीच सांगते, म्हणजे म्हातारी जळते असं म्हणायला नको. माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळली, ते शेवटचे महिने तिच्या लेकीनं टिपलेत. पांघरुणावरचे हात, खिडकीतला उजेड — कॅमेरा कुठे ठेवायचा ते पोरीला कळतं. फक्त एका जागी व्हायोलिन आहे. आई उशीवर मान वळवते, चौकटीबाहेर बघते, आणि झालं सुरू. मी जन्मभर लिहीत आले, की रडवायला वाद्य लागत असेल तर प्रसंग कच्चा आहे. ती हेच ऐकत वाढली. मग घातलं का? म्हटलं, विसरली असेल.

आणि ते निवेदन — ‘त्या घरात आई आणि मी, दोघीच होतो.’ दोघीच. मग मी कुठे होते? कुठे असणार, पलंगाशेजारी, स्टुलावर. भरवायला मी, कूस बदलायला मी. कॅमेरा लावला की पोर म्हणायची, मावशी, जरा मागे सरक, तुझी सावली पडते. मी सरकायचे. सरकता सरकता चित्रपटाच्या बाहेर गेले, मला पत्ताही नाही... ते जाऊ द्या, ते छापायचं नाही. मला काही पडद्यावर मिरवायचं नव्हतं, खरंच नव्हतं. पण ही रचलेली गोष्ट नाही, माहितीपट आहे — यात दोघी म्हटलं की दोघीच असायला हव्यात.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद. आवाज फसवतो, चित्र एकटं पडलं की खरं बोलतं. तसंच केलं. तो प्रसंग आला. धाकटी मान वळवते — स्टुलाकडे बघते, माझ्याकडे — आणि तिचे ओठ हलतात. व्हायोलिनच्या नादात तिकडे लक्षच जात नाही. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. पुन्हा नेलं. काय म्हणते ते कळायला मला आवाज कशाला हवा? बोलायला लागली तेव्हापासून तिनं मला एकाच नावानं हाक मारली, त्याच नावानं मी तुमच्या अंकात लिहिते. ती हाक शेवटची. त्यानंतर ती बोललीच नाही. लेकीनं ऐकली होती हो — कॅमेऱ्यामागेच तर उभी होती — आणि वरून व्हायोलिन अंथरलं. विसरली बिसरली काही नव्हती.

फोन केला मी. म्हणाली, मावशी, तिसरं माणूस आलं की एकटेपणा विरतो, आणि तूच म्हणायचीस ना, जे काढूनही चित्रपट उभा राहतो ते काढावं. म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? उभा राहिलाय की. मला काढून चांगला ताठ उभा राहिलाय.

डोळे नाही, चष्मा पुसतेय.

हा घ्या कागद. उलटून काय बघता, मागे काही नाही. एकच ओळ आहे — ‘हा चित्रपट जरूर पाहा, आणि एकदा आवाज बंद करून पाहा.’ बस. नाही, वाढवणार नाही. पान मोकळं राहत असेल तर जाहिरात घाला. मावशी-भाची वगैरे काही जोडायचं नाही. फक्त खालची सही ठळक हवी, ओठांवर वाचता येईल इतकी ठळक — अक्का.

असे बघू नका माझ्याकडे. उठा. जाताना दार ओढून घ्या.