जात्यावरचे पाढे

शाळा तपासायला निघालेले दिपोटी नाडकर्णी दाभोळच्या धक्क्यावर खाडीपलीकडे नेणाऱ्या तरीची वाट पाहत होते. शेजारचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"मास्तर, शाळंत जातं कशाला नेताव?"

"तुमच्या राहीसाठी, येसूबाई. पाढे म्हणताना ती अडखळते. पण दळताना ओव्या कशा घडाघडा म्हणते!"

"म्हनून शाळंत दळायला बसवनार? गाव हसंल!"

"हसू दे. पाढे मी ओवीच्या चालीवर बसवलेत."

"उद्या दिपोटीनं जातं भायेर काढलान तर? नापास झाली तर बापूस शाळा बंद करनार तिची."

"जातं बाहेर गेलं तर मीही बाहेर बसेन."

तर धक्क्याला लागली. नाडकर्णी उठले आणि मास्तरांकडे वळले.

"मास्तर, उद्यासाठी नाचणी आहे ना? रिकामं जातं फिरवू नये."