भोंगा भुंकला नाही

…नाही, पण मला एक सांगा, घर कोणाचं? माझं. दारावर पाटी कोणाची? माझी. त्या दाराला बेल आहे, ती शिडीवर चढून कोणी बसवली? मीच! आणि तीच बेल स्वतःच्या हातानं बंद करून त्याच दाराबाहेर भिकाऱ्यासारखा उभा कोण? तोही मीच… हसू नका. बरं हसायचंच असेल तर हळू हसा, बाळ झोप… अं? हो हो, इथं बाळ नाही. माहितीय मला. सवय हो, दुसरं काय! हे घर माझ्या मेहुण्याचं, आणि मी इथं कालपासून पिशवी घेऊन का येऊन पडलोय, हेच विचारलंत ना तुम्ही? मग ऐका. आणि ऐकून तुम्हीच सांगा, याला न्याय म्हणतात का!

तर आमच्याकडे बाळ आलं. मुलगी. गोड आहे, तिच्याबद्दल आपली काहीच तक्रार नाही, नाक माझ्यावर गेलंय. पण ती घरात आल्या दिवसापासून आमच्याकडे माणसं बोलायचीच बंद झाली! नुसते ओठ हलतात. बायको ओठांनी काहीतरी विचारते, मी मान डोलावतो, आणि मागाहून कळतं की मी लंगोट धुवायला हो म्हणून बसलोय! मिक्सर बंद. टीव्ही चालू, पण मुका. मॅचमध्ये षटकार गेला तर उशीत तोंड खुपसून ओरडायचं. शिंक आली तर? जिना उतरून खाली जाऊन शिंकायचं! आता शिंक काय खालच्या मजल्यापर्यंत थांबते? तुम्हीच सांगा! मधल्या वळणावर शिंकलो की वरून आलंच… 'हळू! बाळ झोपलंय!'

हे कोण म्हणतं? सासूबाई! बाळ यायच्या आधीच येऊन दाखल झाल्या होत्या. बाई कष्टाळू, त्यात वाद नाही, रात्र-रात्र बाळाला खांद्यावर घेऊन फिरते. पण तिची ती कुजबुज! 'हळू! बाळ झोपलंय!' म्हणाली की वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा गप्प होतात. आणि गंमत म्हणजे त्यानं बाळ उठत नाही! आजीच्या आवाजाला हूं नाही की चूं नाही. बापानं साधं बोट मोडलं की भोकाड!

बरं, हे चाललं असतं. पण घरात भोंगा होता ना! भोंगा म्हणजे आमचा कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला, शेपटी थोडी तुटकी, लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे. खरं सांगू? बायको मला बघायला आली आणि पसंत करून गेली ती भोंग्याला, मी आपला त्याच्याबरोबर फुकट मिळालो. आणि भोंगा हे नाव काय उगाच पडलं? पोस्टमन दोन गल्ल्या पलीकडे असला तरी आमच्या जिन्यात कळायचं!

सासूबाई आल्या त्या दिवशी चपला काढायच्या आधी काय म्हणाल्या असतील? 'हे जनावर आणि तान्हं बाळ एका घरात? ते काही नाही, याला धाकट्याकडे पाठवा.' धाकटा म्हणजे हाच, माझा मेहुणा, तुमचा मित्र. एकटा जीव, मोठी बाल्कनी. बायको रडायला लागली. मी म्हटलं, आई, तो गेला तर मला घर घर वाटायचं नाही. खरंच म्हटलं हो, त्यात कसली लाज? शेवटी त्या म्हणाल्या, 'बरं, एक संधी देते. पण नियम सांगून ठेवते. ज्याच्या आवाजानं बाळ उठेल, त्यानं त्याच दिवशी सामान उचलायचं आणि धाकट्याकडे राहायला जायचं. नियम म्हणजे नियम!' आणि बघत होत्या कोणाकडे? भोंग्याकडे! मग मीही छाती पुढे काढून म्हटलं, मंजूर! …आता आठवलं की जीभ हासडून ठेवावीशी वाटते.

बोलून थांबल्या नाहीत. भोंग्याची पिशवी भरली, त्याचं पांघरूण, त्याचं वाडगं, त्याचा पट्टा, आणि दारामागच्या खुंटीला अडकवून टाकली. येता-जाता ती पिशवी दिसायची आणि मी तोंड फिरवून घ्यायचो.

मग मी लागलो कामाला. पाळण्यात टॉवेलात गुंडाळून एक उशी ठेवली, म्हटलं, हे बाळ. मग मी बाहेर जायचं, बेल वाजवायची. भोंगा भुंकला की धावत आत यायचं, त्याला पाळण्याखाली न्यायचं, बस, गप्प, आणि एक बिस्किट. पुन्हा बाहेर, पुन्हा बेल. पोस्टमन मीच, दूधवाला मीच, पाहुणाही मीच! समोर एक निवृत्त कवायत-मास्तर राहतात. आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. ते दार उघडून म्हणाले, 'काय हो! स्वतःच्याच घराची बेल वाजवता आणि स्वतःच दार उघडता? तब्येत बरी आहे ना?'

पण शिकला हो माझा भोंगा! दारात काही वाजलं की उठायचा, तोंडातून अवाक्षर नाही, सरळ पाळण्याखाली जाऊन बसायचा आणि साधूसारखा चेहरा करून बिस्किटाची वाट बघायचा. बाळ आलं, भुंकला नाही. पार्सलवाला आला, नाही. एकदा मांजर खिडकीत येऊन त्याच्या डोळ्यांदेखत पाय चाटत बसलं, भोंगा नखशिखांत थरथरला, पण भुंकला नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई काय म्हणाल्या? 'बघू किती दिवस टिकतंय.' मग मी आणखी शहाणा. बेलची वायरच काढून ठेवली. दार आपटू नये म्हणून चौकटीला रबराची पट्टी चिकटवली. म्हटलं, माझ्या कुत्र्याला कुठून धोका नको.

आता कालची दुपार. बायको आतल्या खोलीत दार लावून झोपलेली, कितीतरी दिवसांनी गाढ. बाळ बाहेरच्या खोलीत, पाळण्यात. सासूबाई शेजारी आरामखुर्चीत. त्या झोपत नाहीत बरं का! 'मी नुसते डोळे मिटते हो.' मी बाळाच्या दुधाच्या बाटल्या गॅसवर उकळत ठेवल्या, आणि म्हटलं, तेवढ्यात ही कचऱ्याची पिशवी बाहेरच्या डब्यात टाकू. दोन पावलांवर डबा! दोन पावलं गेलो, मागून वारा आला, आणि दार… आपटलं असतं तर निदान कोणी उठलं तरी असतं! पण नाही. रबराची पट्टी ना! अलगद मिटलं. खट्.

बाहेर मी. अंगात बनियन, खांद्यावर बाळाचं दुपटं. किल्ली आत, फोन आत, बेल मेलेली, आणि आत गॅसवर बाटल्या! दाराशेजारी आमची खिडकी आहे, काच बंद. काचेला नाक लावलं. पाळणा दिसला. सासूबाई दिसल्या, 'डोळे मिटलेल्या', तोंड उघडं. आणि पाळण्याखालून माझ्याकडे टक लावून बघणारा भोंगा.

मी काचेवर हळूच टकटक केली. भोंगा बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, शेपटी हलवली, वळला आणि पाळण्याखाली जाऊन बसला! अरे बाबा, तसं नाही! पुन्हा टकटक. पुन्हा बाहेर आला, पुन्हा बघितलं, पुन्हा पाळण्याखाली! त्याला वाटलं, धनी सराव घेतायत! 'बिस्किट कुठाय?' असा चेहरा. मी कपाळावर हात मारून घेतला, तोही हळू… बाळ झोपलंय ना!

आणि आता माझी अवस्था बघा. तो भुंकला तर बाळ उठणार, आणि खुंटीवरची पिशवी खाली येणार. न भुंकला तर गॅसवर पाणी आटतंय. इकडे आड तिकडे विहीर! मी मनात म्हणतोय, भुंकू नको राजा, भुंकू नको… आणि तेवढ्यात वास आला. रबर जळल्याचा. आता पोर आत, बायको आत, म्हातारी आत! म्हटलं, खड्ड्यात गेली पिशवी. भोंग्या, भुंक! जा धाकट्याकडे, मी रोज भेटायला येईन तुला, पण आत्ता भुंक रे! दार मीच बडवावं, हे डोक्यातही आलं नाही, इतकी सवय गप्प राहायची! दात दाखवले, भुंकला नाही. मुठी दाखवल्या, भुंकला नाही. शेवटी मी… नोकरीधंद्याचा माणूस, चारचौघांत मान असलेला… मी खिडकीत उभा राहून म्याँव केलं. हो! म्याँव! हसा आता. भुंकला नाहीच, उलट माझी कीव आल्यासारखी मान वाकडी केली.

माझं म्याँव ऐकून आले कोण? मास्तर! 'काय हो, मांजर कुठाय?' म्हटलं, मीच. सगळं खुणेनं सांगितलं. तर म्हणाले, 'एवढंच ना? मी मारतो एक हाक! मैदानाच्या पलीकडचं पोर जागच्या जागी थांबायचं माझ्या हाकेला!' आणि फुगवली छाती. आणि मी काय केलं? झडप घालून त्यांचं तोंड दाबलं! 'मास्तर, हळू! बाळ झोपलंय!' …लक्षात ठेवा हे. मी दाबलं. दाबलं नसतं तर आज मास्तर या बाल्कनीत असते आणि मी माझ्या घरी! पण विनाशकाले, दुसरं काय?

तिकडे भोंग्याला पाळण्याखाली बिस्किट मिळेना. तो उठला, आणि तुम्हाला सांगतो, सराईतासारखा सरळ सासूबाईंकडे गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मी डोळेच मिटले. म्हटलं, आता या किंचाळणार, संपलं सगळं. उघडून बघतो तर काय? बाईनं डोळे न उघडता खुर्चीच्या उशीखाली हात घातला, बिस्किट काढलं आणि त्याच्या तोंडात दिलं! डोळे न उघडता! म्हणजे किती दिवसांचा हा शिरस्ता असेल? आणि वर ओठ हलले. आमच्या घरात आता सगळ्यांना ओठ वाचता येतात. म्हणाल्या, 'घे रे माझ्या सोन्या.' सोन्या! मला आजवर कधी 'अहो जावई'च्या पुढे गेल्या नाहीत!

भोंगा बिस्किट खाऊन गेला नाही, पंजा तसाच. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. समोर काचेला चिकटलेली दोन तोंडं, एक माझं, एक मास्तरांचं. पण बाई मोठी धीराची. उठल्या, आल्या, दार उघडलं आणि पहिला शब्द काय? 'हळू! बाळ झोपलंय!'

झालं होतं हो सगळं निभावून! बाळ झोपलेलं, भोंगा गप्प, मी आत. चवड्यांवर स्वयंपाकघरात गेलो. पाणी पार आटलेलं, बाटल्यांची रबरी बुचं तळाला चिकटलेली, धूर. गॅस बंद केला. आणि घाईघाईत, नुसत्या हातानं, उचललं ते पातेलं…

'आई गंऽऽऽऽ!'

ती बोंब नव्हती हो. बाळ आल्यापासून गिळलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक शिंक, उशीत दाबलेला प्रत्येक षटकार, सगळं एकदम बाहेर पडलं. बाळ उठलं. बायको उठली. वरचे, खालचे सगळे दारात आले. मास्तर जिन्यातून ओरडले, 'शाब्बास! याला म्हणतात आवाज!' आणि भोंगा? भोंगा शांतपणे उठला आणि पाळण्याखाली जाऊन बसला.

सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं, दारापर्यंत गेल्या, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात काहीतरी टाकलं आणि माझ्यासमोर धरली. मी हसलो. मला वाटलं, विनोद! म्हणाल्या, 'नियम म्हणजे नियम, जावई.' अहो, हात भाजलाय माझा! 'मलम आत घातलंय.' अहो, नियम कुत्र्यासाठी होता! 'मी कुत्र्याचं नाव घेतलं होतं?' मी बायकोकडे बघितलं. तिनं तोंडाला पदर… नाही, दुपटंच लावलं होतं, खांदे गदागदा हलत होते. नुसत्या ओठांनी म्हणाली, 'जा ना दोन दिवस, झोप तरी होईल तुझी.' भोंग्याकडे बघितलं, ज्याच्यासाठी मी म्याँव केलं त्या भोंग्याकडे! तो बिस्किट खात होता.

आणि इथं आलो, तर या धाकट्यानं बाल्कनीत वाडग्यात पाणी भरून ठेवलेलं! म्हणतो, 'भावजी, आई फोनवर एवढंच म्हणाली की पाठवतेय त्याला. मला वाटलं…' पिशवी उघडली. पांघरूण, वाडगं, पट्टा, वर मलमाची ट्यूब. एक कपडा माझा नाही! रात्री त्याच पांघरुणात झोपलो. केस लागतात हो त्याचे नाकाला… पण खोटं कशाला बोलू, त्या वासानंच झोप लागली. सकाळी सासूबाईंचा फोन. मी इथं शेजारी बसलेलो, आणि विचारतात कोणाला? याला! 'खातो ना नीट? ओरडत नाही ना? एका जागी बसला की चिडचिडा होतो, संध्याकाळी जरा फिरवून आण.' आणि हा म्हणतो, 'हो गं आई, गुणी आहे.' गुणी! मी काय माणूस आहे की…

काय रे? निघायचं? आलो, आलो! …नाही, बसा तुम्ही, फार लांब नेत नाही तो, कोपऱ्यापर्यंतच. अहो जातो म्हणजे काय, जावं लागतं. परत आल्यावर तो बिस्किट देतो.