ओकचं पान

मंडळी, ऐका. खोट्या नाण्यानं आधी कोण फसतं, परका की आपला? घाईनं माना हलवू नका. गोष्ट ऐका, मग बोला.

चारशे वर्षांमागचा जर्मन मुलूख. गावागणिक राजा आणि राजागणिक टांकसाळ! अशाच एका टांकसाळीचा मुख्य होता योर्ग. रीत अशी, की प्रत्येक नाण्याच्या कडेला मुख्याची खूण असायची. योर्गची खूण ओक झाडाचं पान. चांदी कमी भरली तर मान त्याची उडायची.

लढाई आली. राजा म्हणाला, "योर्ग, चांदीत तांबं घाल."

"लाल दिसेल, महाराज."

"दिसू नये म्हणून तर तुला पगार आहे."

योर्ग रात्रभर तळमळला. सकाळी मात्र त्यानं मीठ आणि द्राक्षदारूच्या पिंपातला आंबट खार घेतला, त्यात तांबं मिसळलेल्या चकत्या उकळल्या. कल्हई नव्हे हं, माउली. कल्हई वरून चढते. इथं खार वरचं तांबं खातो नि चांदी तेवढी वर उरते. बाहेर पांढरंशुभ्र, आत लाल. त्यावर योर्गनं आपलं पान उमटवलं.

त्याची म्हातारी आई, बार्बरा, पलीकडच्या गावात राहायची. त्या साली तिनं शेवटची गाय विकली. गिऱ्हाईक आधीच्या मुख्याची जुनी, चोख नाणी देत होतं. ही म्हणते कशी, "ती नकोत. पानाची दे. माझ्या योर्गच्या हातची."

हिवाळ्यात ती पाव आणायला गेली. पाववाल्यानं नाणं कसोटीच्या दगडावर घासलं. लाल.

"आजी, हे तांबं आहे."

"तुझा दगड खोटा. यावर माझ्या पोराचं पान आहे."

रिकाम्या हातानं परतली. शेजारणीनं कण्या देऊ केल्या, त्याही घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर पोरगा खोटा ठरला असता ना!

आई उपाशी पडलीय असा निरोप मिळताच योर्ग धावला. आई अंथरुणाला खिळलेली, मुठीत नाणं.

"आलास? त्या पाववाल्याला सांगून ये, बाबा. तुझं पान ओळखत नाही म्हणतो."

योर्गनं नाणं पाहिलं. मुठीत घासून घासून पानाची कड लाल झाली होती.

"सांगशील ना?"

"सांगतो, आई."

पाववाल्याला तो म्हणाला, "तुझा दगड खरा आहे." अंगातला कोट काढून दिला, पाव घेतला, पळत आला. पाव अजून ऊन होता. आई गार पडली होती.

आता बोला, मंडळी. परका दगड काढतो, घासतो, वाचतो. आपलं माणूस घासत नाही. तुमचा शब्द घरच्यांनी कधी घासून पाहिलाय? मग आज उंबऱ्यावर जरा थांबा आणि तुम्हीच घासून पाहा. लाल दिसला तर आत जाऊन सांगा. पाव नंतर आणा.