उजव्या सोंडेचा ठसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुकडी-घोड हातकागद मंडळाचा कारभार पाहणारे चांगदेवराव. आपला रविवार मोडून पुण्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्या नूतनताई. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सर्व मान्यवर. समोर बसलेल्या, लगदा कुटणाऱ्या, कागद उचलणाऱ्या, ठसे मारणाऱ्या माझ्या बाया. त्यांना मोटारसायकलवरून सोडायला आलेले आणि जेवणाचा वास लागल्यामुळे मागे थांबलेले त्यांचे कारभारी. आणि माझ्या हातात माईक देताना "आजी, दोनच शब्द हं," असं कानात सांगणारी आमची सूत्रसंचालक प्राची. तुम्हा सगळ्यांना झुंबरबाईचा नमस्कार.

प्राची, दोन शब्द झाले बरं का. आता उरलेले बोलते.

मघापासून माझ्याविषयी इतकं गोड ऐकलं की मला वाटलं, आता फोटोला हार घालायचाच काय तो राहिलाय. एक वक्ते म्हणाले, झुंबरबाई म्हणजे ठसेकामाचं चालतंबोलतं विद्यापीठ. अहो, कसलं विद्यापीठ? माझी शाळा सातवीत सुटली. ठसा कापायला शिकले ती चपला शिवणाऱ्याकडून मागून आणलेल्या रापीने, नातवाच्या खोडरबरावर. पहिलं पान छान कापलं गेलं, आणि नातवाला खोडरबर हरवलं म्हणून वर्गात उभं राहावं लागलं. असं ते विद्यापीठ.

तुम्ही या कार्यक्रमाला नाव दिलंय निरोप समारंभ. आपल्याकडे निरोप कुणाला देतात? सासरी निघालेल्या लेकीला देतात, गौरीला देतात. दोघींना पोटभर जेवू घालतात, ओटी भरतात, आणि दोघी परत येणार हे धरूनच दारापर्यंत जातात. मला दिलेल्या निरोपात मात्र परत यायची वाट कुठे दिसत नाही. म्हणून थोडं सविस्तर बोलणार आहे. अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे बघू नका, स्वयंपाक अजून व्हायचाय. मी आत डोकावून आलेय.

नूतनताई नव्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आपला कागद जुन्या सुती चिंध्यांचा. बाजारच्या कागदासारखा गुळगुळीत नाही. त्याला अंग आहे, आणि तहान अशी की वैशाखातल्या रानासारखा थेंब पडला की गटकन पितो. पहिल्यांदा आम्ही त्यावर हापिसातली जांभळी शाई वापरली. ठसा मारला मोराचा आणि उमटली पावसात भिजलेली कोंबडी! सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतून येणारी, भात-नाचणीच्या घरातली आमची बयाबाई म्हणाली, "आक्का, आदी त्याला पेज पाजा की. पोट भरल्यालं आसल तर कशाला हावऱ्यावानी पिईल?"

थट्टा होती ती. पण मीही हट्टी. दुसऱ्या दिवशी खरंच भाताची पातळ पेज कागदावर फिरवली, सावलीत वाळवली आणि घट्ट शाई स्पंजने ठशावर टिपली. मोराचा तुरासुद्धा वेगळा उठला. तेव्हापासून आमचा कागद पेज पिऊन कामाला बसतो.

मग हळूहळू आम्ही शाईचे लाड ओळखायला लागलो. ठशाला एकदा शाई लावायची आणि डोंगर उठवायचा, तो काळाभोर, जवळचा. शाई न लावता तोच ठसा थोडा वर सरकवून पुन्हा दाबायचा, तो फिका, पलीकडचा. आणखी एकदा दाबला की अगदी धुक्यातला, भीमाशंकरकडचा. एकाच रबराच्या तुकड्यातून सगळी रांग उभी राहते. ठसा तळहाताच्या मुळाने सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा. डुलवला की बिघडला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुष्कळ डोंगर डुलल्यावर कळलं.

आता ज्याच्यासाठी उभी आहे ते सांगते. लोणीचे अमृतराव तिसऱ्या रांगेत बसलेत. अमृतराव, हसू नका, तुमचीच गोष्ट आहे. त्यांच्या वृषालीच्या लग्नाच्या पत्रिका आपल्याकडे आल्या. हातकागद, वर गणपतीचा ठसा. ठसा कापला बयाबाईने. लेण्याद्रीला गेली होती, तिथून गणपतीचं कॅलेंडर घेऊन आली, समोर टांगलं आणि ट्रकच्या ट्यूबच्या रबरावर असा गणपती कापला की पोटाची घडीसुद्धा सुटली नाही. पहिली छाप उठली, आम्ही सगळ्याजणी भोवती गोळा झालो, हात जोडले, डोळे मिटले. आणि घोटाळा झाला तो तिथेच! देव दिसला की आम्ही डोळे मिटतो. सोंडेकडे बघितलं कुणी? पुढच्या सगळ्या पत्रिका भराभर मारून मोकळ्या झालो.

अमृतराव आले. पत्रिका उचलली आणि कपाळाला लावायच्या ऐवजी लांब धरली.

"आक्का, हे काय वो? ह्यो तर उजव्या सोंडेचा! घरात लग्नाची धांदल, ह्याचं सोवळं कोण पाळनार? पावणं म्हनतील, पोरीचं लगीन हाय का दीक्षा?"

बयाबाई कॅलेंडर घेऊन पुढे आली. "म्या तर हुबेहूब कापलाय वो. बघा की!"

हुबेहूब कापला हीच तर चूक. रबरावर जे डावं ते कागदावर उजवं होतं. रोज पानंफुलं कापणाऱ्या आम्ही, आंब्याचं पान कुठे वळलं याने कुणाचं काय बिघडतं? गणपतीच्या सोंडेने मात्र बिघडतं.

बयाबाई रडली नाही. चिडली, आणि तीही थेट देवावर. शाई लावलेला ठसा उचलला आणि आपल्याच तळहातावर दाबला. "घ्या! बसा आता माज्याच हातावर. म्या पाळते तुमचं सोवळं!" आणि उठायला म्हणून तोच हात तिने टेबलावर टेकला. खाली कोरा कागद होता.

हात उचलला आणि सगळ्या पुन्हा गोळा झालो. या वेळी डोळे उघडे ठेवून! सोंड डावीकडे आली होती. रंग थोडा उतरलेला, कडा मऊ, ओल्या भिंतीवर सावली पडावी तसा. मधून तिच्या हातावरची एक रेघ गेलेली. अमृतराव वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्योच पायजे. रेघंसकट."

आता सगळ्या पत्रिकांना हात कुठून लावणार? आम्ही सायकलच्या ट्यूबचा सपाट तुकडा लाकडाला चिकटवला. ठसा आधी त्या ट्यूबवर दाबायचा, मग ट्यूब कागदावर. उलट्याचं सुलट. रेघ मात्र त्यात येईना, म्हणून बयाबाईने ट्यूबवर सुईने बारीक चीर मारली. आज तुम्ही ज्याला कौतुकाने ओली छाप म्हणता, ती हीच.

आणि बिघडलेल्या पत्रिका? देवाचं चित्र केरात कसं टाकायचं? लगद्याच्या टाकीला बयाबाईने हळदीकुंकू वाहिलं, पत्रिका एकेक करून पाण्यात सोडल्या आणि म्हणाली, "बाप्पा, पुढल्या येळंला डाव्या सोंडंनं या." पत्रिकांच्या निळ्या शाईने त्या लगद्याचा कागद निळसर झाला. तो आम्ही कशालाच वापरला नाही, घरोघरी एकेक ताव नेऊन देव्हाऱ्यात ठेवला.

एवढं सगळं सांगितलं, कारण मघाशी अध्यक्षांनी त्यांच्या भाषणात एक वाक्य पटकन बोलून टाकलं. दळताना जात्यात खडा जावा तसं मला ऐकू आलं. पुढच्या महिन्यात छपाईचं यंत्र येणार, ठसेकामाचं टेबल बंद होणार, आणि बायांना इतर कामांत सामावून घेणार. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

पण चांगदेवराव, सामावून कुणाकुणाला घेणार? तुम्ही मला हापिसात बोलावून काय म्हणालात, तेही सगळ्यांसमोर सांगा की. नाही सांगत? मग मी सांगते. तुम्ही म्हणालात, "आजी, बयाबाईचं काय खरं नाही. डिंभ्याची गाडी कधी येते, कधी येत नाही. यंत्र काय तिची वाट बघत उभं राहील? गरज लागली तर बोलावू." आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणालात, "तुमचाही सत्कार करून टाकू."

करून टाकू! अहो, मी काय उरलेली धुणीभांडी आहे? आणि म्हातारीला शाल घातली म्हणजे तिच्या शेजारी बसलेली आपसूक उठून जाईल, असा हिशेब आहे का हा? माझ्या सत्काराच्या पदराआडून बयाबाईला मागच्या दाराने काढायचं, हे मला मान्य नाही. शाल पांघरली म्हणून माझं तोंड झाकलं गेलेलं नाही.

यंत्राशी माझं वैर नाही. मी चटणी मिक्सरमध्येच वाटते, उगाच पाट्याचे गोडवे गात नाही. आणा यंत्र, त्याला नारळ मी फोडते. पण गिऱ्हाइकाला सगळं एकसारखं पाहिजे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? एकसारखं पाहिजे असतं तर अमृतरावांनी रेघंसकट मागितलं असतं का? आणि गाडी उशिरा येते, यात बयाबाईचा काय दोष? एसटी काय ती चालवते?

मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "जाऊ द्या आक्का. घरी नाचणी हाय, पोट भरतंय. पर हाताला त्या रबराची सवं लागलीया. भाकर थापताना बी आंगठा दाबून बगतोय." मला त्या रात्री भाकर गेली नाही. ज्या हातांनी आपलं काम तालुक्याबाहेर नेलं, त्या हातांना आपण म्हणायचं, गरज लागली तर बोलावू?

तेव्हा या व्यासपीठावरून स्पष्ट सांगते. सत्कार स्वीकारला. शाल चांगली आहे, डोंगराकडे थंडी फार असते, उपयोगी पडेल. निरोप मात्र मी घेत नाही.

ठसेकामाचं टेबल मंडळाचं नाही, हे चांगदेवरावांना माहीत आहे. माझ्या लोणीच्या भावाने मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांचं ते मला करून दिलं होतं. आज सकाळी तुम्ही इथे पताका लावत होता, तेव्हा आम्ही चौघींनी ते टेम्पोत चढवलं. दचकू नका, खोली झाडून दिलीय, यंत्राला जागा मोकळी आहे. टेबल डिंभ्याला गेलं. बयाबाईच्या पडवीत लागलंय. उद्यापासून तिने गाडीची वाट बघायची नाही, मी बघणार. आली तर आली. नाही आली तर तिच्याकडे मुक्काम, नाचणीची भाकर आणि घोड नदीची मासळी. या वयात याहून बरी नोकरी मला कोण देणार? कागद आम्ही तुमच्याकडूनच घेऊ. गिऱ्हाईक म्हणून येऊ, तेव्हा चहा कपबशीतून द्या.

नूतनताई, तुम्ही लांबून आलात, माझी बडबड ऐकलीत, तुमचे आभार. ज्यांनी मंडप घातला, ज्यांनी चूल धरली, त्यांचे आभार. चांगदेवराव, तुम्ही मला बोलू दिलंत, आणि मघापासून माईक काढून घेतला नाहीत, तुमचे तर विशेष आभार. बोलताना कुठे दाब जास्त पडला असेल, शाई कडेबाहेर गेली असेल, तर अडाणी म्हातारी समजून पोटात घाला. बोललेलं मात्र पुसणार नाही, आणि टेबल परत मागू नका.

बयाबाई, ऊठ गं. जेवण बांधून घेऊ. डिंभ्याची गाडी चुकायला नको.