समाप्तीले सगळे लागतात

मंगरुळपीरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मंजू आणि संस्कृती बोलत होत्या.

"शेवटचा भाग वाचला का, संस्कृती? मले तं लय राग आला. सात पुस्तकं त्या राजाच्या घरी यायची वाट पाह्यली, अन्..."

"सांगू नको मंजे! माया शेवटचा अध्याय बाकी हाय."

"काहून?"

"मी आईले वाचून दाखवते. ते म्हणते, पोथीची समाप्ती सगळे बसल्याबिगर करत नाईत. पयल्या भागाले बाबा बी आयकाले होते. आता ऊस तोडाले गेले."

"मंग फोनवर वाचून दाखव."

"म्हटलं. तं आई म्हणे, शेवट तिकडंच आयकला तं घरी यायची घाई कायले करतीन?"

मंजूनं खिडकीची काच लावली.

"मंजे, एवढंच सांग. राजा येते ना घरी?"

"येते. उशीर लागते, पण येते."