पैसे किनवटहून येत होते

माझं माहेर लोह्याकडचं, सासर औशाजवळ, काळ्या रानात जलमले आन् काळ्या रानातच दिली मला, तर काय सांगू तुम्हाला, एकच लेक व्हती, सुमन, लई बोलकी, औशाला कालिजात जायची, मला बँकेत खातं तिनंच काढून दिलं, सही बी तिनंच शिकवली. मग तिनं आपल्या मनानं लगीन केलं, पोरगा दुसऱ्या जातीचा, मालक म्हनले ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई, आन् न्हाई काढलं कुनी.

पुढं मालक गेले, त्याच्या मागं दुष्काळ, बोअर आटला, ह्या वयात टँकरमागं घागर घेऊन पळायची मी, आन् तवाच खात्यावर पैसे याया लागले, दर म्हैन्याला. बँकेतल्या म्याडमला इचारलं, हे कोन पाठवायलंय बाई, तिनं नाव वाचलं, जावयाचं. म्हनलं ऱ्हातेत कुठं ते बघा की, तर म्हनली मावशी, पत्ता न्हाई दिसत, शाखेचा कोड दिसतो, दर शाखेचा येगळा असतो, थांबा, बघते. कोड कम्पुटरात टाकला आन् म्हनली, किनवट.

लगेच न्हाई गेले. भ्याले. पैसे आले की म्हनायची, लेक बरी हाय माझी, लेक बरी हाय.

मंग एकदा निघाले, येष्टीनं नांदेड, तिथून रेल्वे, समदी झाडीच झाडी. तिथल्या बँकेतला साहेब म्हनला, आई, खातेदाराचं मला सांगता येत न्हाई, पन बसा, मी त्यांनाच फोन लावतो. जावई आला, गाडीवर पुढं एक पोरगी बसलेली. माझी नजर मागच्या शिटावर. कुनीच न्हाई.

सुमन कुठंय, म्या इचारलं. त्यो बँकेच्या पायरीवरच बसला, म्हनला आई, तिला कावीळ झाली, मागल्या उन्हाळ्यात गेली. मंग पैसे? म्हनला, तिनंच सांगितलं व्हतं, चालू ठेवा, थांबले तर आईला कळंल.

आता नात सुट्टीला येते माझ्याकडं, आतल्या घरातून आजी म्हनून हाक मारते, आवाज सुमनचा, अंगावर काटा येतो, तरी ओ देते. जावयाला म्हनलं पैसे बंद कर बाबा, तर म्हनला, तुमी म्हनताव तर करतो, पन मंग ती खरंच गेली असं वाटंल मला. राहू दे म्हनलं. देव बरं ठेवो त्याला.