तेलकट हातांची भूमिती

"फळ्याला खोबरेल फासून दाखव," असं मी सदाला म्हटलं आणि तो गाढव तयार झाला ना. भूमितीच्या तासाला मास्तरांचा खडू नुसता घसरायला लागला. त्रिकोण काही उमटेना.

मास्तर म्हणाले, "ज्यानं तेल लावलं, त्याचे हात तेलकट असणार. दाखवा हात."

सापडलो मी. आईनं सकाळीच डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं आणि मला डोकं खाजवायची सवय. मास्तरांनी छडी उचलली.

मी म्हटलं, "मास्तर, कालच्या धड्यासारखं विधानात दोन्हीकडे 'नाही' घालून बघा की."

"ज्यानं तेल लावलं नाही, त्याचे हात तेलकट नसणार. मग?"

"ते खरं असेलच असं नाही. चौरस असला तर चारही कोन काटकोन. पण चौरस नसला तरी आयताचे असतातच, हे तुम्हीच शिकवलंत. तसा मी आयत आहे."

"आयत असलास तरी हात पुढे कर."

छडी वर गेली तसा सदा मागच्या बाकावरून उठला.

"मास्तर, तुमचं मूळ विधानच चुकलंय. तेल मी लावलं आणि माझे हात कोरडे आहेत. फडक्यानं लावलं."